मुकाईदासानचा आकडा

मुकाईदासान माझ्या सलूनच्या शेजारी राहायचे. रेल्वेत सिग्नलमन होते. बायको गेल्यापासून एकटेच. केस कापायला आले की ‘नेहमीसारखे’ एवढंच बोलायचे. जसे काही डोक्यावर केस होते!

रोज सकाळी नऊला ते गच्चीवर दुर्बीण लावायचे, सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायचे आणि तिच्यातले डाग पेन्सिलीने गिरवून मोजायचे. अडतीस वर्षं हेच. आकडा जायचा युरोपातल्या एका केंद्राकडे. तिथे जगभरच्या अशाच हौशी लोकांचे आकडे जमतात. हंगेरीतला एक शिक्षक, उरुग्वेची एक सुईण. एकमेकांची तोंडं कुणी पाहिलेली नाहीत, पण जपानचे मुकाईदा सगळ्यांना ठाऊक. आमच्या गल्लीत मात्र त्यांना कुणी हाक मारत नसे.

मग त्यांच्या डोळ्यांचे पडदे बिघडले. ऑपरेशननेही न सुधारणारा आजार. संगणकावरची अक्षरं दिसेनात, तेव्हा मला म्हणाले, “तोकिए, रोज एक आकडा टाकशील?”

“टाकीन की. पण फुकट नाही हं, तुमचं मुळ्याचं लोणचं द्यायचं.”

“तुझं लोणचं जास्त चांगलं असतं.”

“ते तर आहेच.”

संध्याकाळी सलून बंद करून मी जायची. तोवर बाकीच्यांचे आकडे आलेले असायचे. मुकाईदासान ते कधीच विचारायचे नाहीत. एके दिवशी त्यांनी सात सांगितले. बघते तर सगळ्यांचे अकरा! म्हटलं, म्हाताऱ्याची शोभा होणार. मी अकरा टाकले. दुसऱ्या दिवशी पाचाचे नऊ केले. असं चौदा महिने चाललं, आणि मी मेली स्वतःवरच खूश!

वर्ष संपताना केंद्राचं पत्र आलं. मी ते मोठ्या हौसेने वाचून दाखवलं. “या वयातही तुमची नजर जराही ढळलेली नाही. अभिनंदन.” आता हसतील म्हणून वर बघते, तर चेहरा उतरलेला.

“काल किती टाकलेस?”

“दहा.”

“मी किती सांगितले होते?”

“तीन,” मी म्हटलं. “अहो, तुमची लाज जाऊ नये म्हणून...”

“माझी लाज?” त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. “नजर मंदावत गेली तर आकडाही उतरत जातो. केंद्रवाले ते धरूनच हिशेब करतात. खोट्या आकड्याचं काय करायचं त्यांनी?” मग जरा थांबून म्हणाले, “मला वाटत होतं, माझे डोळे जाताना ते सगळे सोबत आहेत. चौदा महिने मी तिथे नव्हतोच, तोकिए. तू होतीस.”

मला रडूच कोसळलं. त्यांनी चहा ओतला तो अर्धा मेजावर सांडला. मी पुसला.

कागद सगळे तारखेवार जपलेले होते. मी केंद्राला माझी करणी कळवली आणि आठवडाभर बसून खरे आकडे भरले. सात, पाच, सहा, तीन. त्यांची नजर कशी गेली ते मी माझ्याच बोटांनी टाईप करत होते. केंद्राने दुरुस्ती मान्य केली. उरुग्वेच्या बाईंनी विचारलं, आता डोळे कसे आहेत? “कमी दिसतं, असं लिही,” मुकाईदासान म्हणाले.

मार्चमध्ये एकदा दिवसभर लख्ख ऊन होतं. संध्याकाळी मी गेले, तर कागदावर नुसतं वर्तुळ.

“शून्य,” ते म्हणाले.

मी शून्यच टाकलं.

“गेलं?”

“गेलं.”

“बाकीच्यांना किती दिसले?”

“सोळा.”

“म्हणजे आहेत,” ते म्हणाले, आणि चाचपडत कागदावर तारीख घालू लागले.