एसटी आमच्या वस्तीसमोरून जायची

“हा ड्रायव्हर आमच्याच गावचा. म्हणजे, गावाबाहेरचा.”

शेठ असं म्हणाले आणि अख्खा हॉल हसला. दुबईत अल मनखूलमधला त्यांचा फ्लॅट. गणपतीचे दिवस. पुण्या-मुंबईची साहेबमंडळी सोफ्यावर. मी बर्फाच्या पिशव्या घेऊन दारात उभा. शेठच्या मुलीनं विचारलं, “आउटसाइड मीन्स व्हेअर, पप्पा?” तिला कुणी सांगितलं नाही. मी सांगू शकलो असतो. ओढ्याच्या त्या बाजूला गाव, तिथं शेठचा बंगला. या बाजूला आमचा बौद्धवाडा. हमरस्त्यावरनं गावात जायचं तर आधी आम्ही लागतो. तरी आम्ही बाहेरचे.

मीही हसलो. पोटाला नोकरी होती ना!

ही नव्वदनंतरची गोष्ट. गावाला तेव्हा एसटी नव्हती. दवाखाना तालुक्याला. माझ्या आईला दमा. हमरस्ता गाठेपर्यंत ती जागोजाग बांधावर टेकायची. मी इथं एसीत बसून शेठला दुबईभर फिरवायचो आणि ती तिकडं धापा टाकत चालायची. आतडं तुटायचं माझं.

मग शेठनी मनावर घेतलं, गावात एसटी आणायचीच. अर्जात लोकसंख्या दाखवायची होती आणि ती कमी पडत होती. गाडीतच मला म्हणाले, “तुमची वस्ती धरली की भरतंय रे. भावाला फोन कर. सगळ्यांची नावं दे म्हणावं, पोरंसोरंसुद्धा. काम होणार, इन्शाल्ला.”

काय आनंद झाला मला! वाटलं, आलो बाबा एकदाचे गावात. भावानं तान्ह्या लेकरांचीही नावं दिली. सगळ्यात आधी आईचं.

एसटी आली. थांबा दिला शेठच्या फाटकासमोर. आमच्या वस्तीसमोरून ती धुरळा उडवत जायची आणि तशीच परत जायची. मी शेठना म्हणालो, “आमच्याकडं विनंती थांबा तरी मिळवून द्या.” ते म्हणाले, “दारोदार थांबली तर एसटी तालुक्याला पोचायची कधी? चालायला काय होतं तुम्हाला?”

आणि एका सकाळी आईचा दम कोंडला. भावानं तिला पाठीवर घेतलं, रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. हमरस्त्यावरनं गावात जाणारी एसटी आली. त्यानं हात केला. ओरडला. ड्रायव्हरनं गाडी बाजूनं काढली. खिडकीतनं कुणीतरी म्हणालं, “थांब्यावर ये की!” मग भाऊ आईला घेऊन थांब्याकडं पळत सुटला. ओढ्याच्या फरशी-पुलावर पाठीवरचं ओझं एकाएकी जड झालं, म्हणाला. आई गेली होती.

फोन शेठच्या ऑफिसात आला. मला मातीला पोचता आलं नाही. शेठ म्हणाले, “वाईट झालं. पण एसटी असून म्हातारीला वेळेवर नेता येईना? तुम्हा लोकांना दिलेलंसुद्धा घेता येत नाही.”

खाली पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. आईसाठी रडलो. नावं देताना झालेल्या त्या आनंदासाठीही रडलो.

काही महिन्यांनी डांबरी रस्त्याचं निघालं. बिल्डिंगखाली गाडी लावत होतो. मागून शेठ म्हणाले, “वस्तीची नावं परत मागव. यल्ला, उशीर नको.”

मी इंजिन बंद केलं. मागं वळलो. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो.

“नाही मिळणार.”

“काय?”

“माझ्या आईला मोजून तुम्ही एसटी आणली. तीच एसटी तिच्यासमोरून निघून गेली. आता आमच्यातलं एकही नाव मिळणार नाही.”

“व्हिसा कॅन्सल करीन. खलास!”

“करा.”

किल्ली त्यांच्या हातात दिली आणि उतरलो. कोपऱ्यावरच्या फोनवरनं तालुक्याच्या बूथला निरोप ठेवला, भावाला बोलावून घेतलं.

म्हणालो, “मी येतोय. आलो की वस्तीसमोर भर रस्त्यात बसायचं. सगळ्यांनी. पोरंसोरंसुद्धा. एसटी आमच्यासमोर थांबेपर्यंत कुणी उठायचं नाही. त्यांना लोकसंख्या हवी ना? तिथं येऊन मोजू दे.”