धर्माच्या खाचरातली लष्करी अळी

किस्से कुणी जमवत न्हाय. चार जण बांधावर बसले की तंबाखूसोबत आपसूक निघतात. पण लष्करी अळीचं नाव काढा, आमच्या शेलार गावातले म्हातारे हसता हसता मधेच गप्प होतात.

भिवंडीत कापडाचे लूम वाढत होते तेव्हाची गोष्ट. भात पिवळं पडायला लागलेलं, कापणीसाठी खाचरांतलं पाणी आम्ही सोडून दिलेलं. एका सकाळी शेजारच्या धर्माच्या खाचरात लोंब्या तुटून खाली पडलेल्या. खाल्लेल्या न्हाय, नुसत्या कापलेल्या. धर्मा म्हणाला, "उंदीर." त्यानं पिंजरे लावले.

माझ्या आयनं भाताच्या एका चुडाच्या बुडाशी माती उकरली. आत पट्ट्यापट्ट्याच्या अळ्या वेटोळं करून पडलेल्या.

"हे बघ तुजे उंदीर. दिवसा निजतात. पिंजऱ्यात घाल एकेक."

धर्माचं तोंड उतरलं. आमचंही. वर्षाचा तांदूळ तोच.

*

अळी आमच्या खाचरातही आली. तिच्यावर विषारी पावडर मारायची तर फडक्याच्या पोटलीत भरून झटकायची. माझा धाकटा भाऊ शांताराम लूमवर कामाला होता. त्यानं तिथलंच कापड आणलं, घट्ट विणीचं. पावडर बाहेर येईना. गडी चिडला, पोटलीवर काठी हाणली. पोटली फाटली, सगळी पावडर त्याच्या नाकातोंडात.

ओकून ओकून डोळे पांढरे केले त्यानं. आय रात्रभर उशाशी. सकाळी शुद्ध आली तर विचारतो, "अळी मेली का?"

आय म्हणाली, "ती बरी हाय. तुजीच चौकशी करते."

*

मग रॉकेलात भिजवलेला दोर. दोघांनी दोन टोकं धरून भातावरून ओढायचा, अळ्या खाली पाण्यात पडून मरतात. पण पाणी होतं कुठं? कोरड्यात पडल्या आणि बांध चढून धर्माकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी धर्मानं दोर ओढला. आल्या परत आमच्याकडं.

आय बांधावरून ओरडली, "लाज वाटत न्हाय?"

"तुमच्याच पावण्या, काकी. पोचवल्या."

बोलणं बंद झालं.

*

धर्मानं भात हिरवट असतानाच कापून टाकलं. आम्ही हसलो. भुसा खाणार वर्षभर, म्हटलं.

त्या संध्याकाळी हसू गेलं. त्याच्या खाचरात खायला उरलं न्हाय, तशी सगळी फौज बांधाकडं निघाली. आम्ही घाईघाईनं चर खणला, त्यात पाणी आणि रॉकेल ओतलं. अळ्या पडत गेल्या, तरंगत गेल्या. मागच्या त्यांच्यावरून चालत अलीकडं आल्या. मग आमच्या भातातून कुरकुर ऐकू यायला लागली. वारा न्हाय, पाऊस न्हाय, नुसती कुरकुर.

आय कुदळ टाकून खाली बसली.

धर्मा आला. मागं बायको, दोन्ही सुना. सगळ्यांच्या हातात विळे.

"आता काय बघायला आलास?" आय म्हणाली.

 धर्मा बांधाकडून वाकला आणि आमचं भात कापायला लागला. सुनांनी बाजूची पात धरली. आम्हीही उतरलो. पायाखाली मऊ लागत होतं, कुणी खाली बघितलं न्हाय.

उजेड सरत आला तशी आयनं विचारलं, "धर्मा, अजून किती ऱ्हायलंय रे?"

"काकी, वर बघू नको. काप."