बापूरावांच्या कपाटातले कागद

परवा माझ्या पुतणीने कॉम्प्युटरवरच्या तिच्याच अर्जाला पासवर्ड टाकला आणि विसरली. दुकानातल्या पोराने दोन मिनिटांत तो काढून दिला. ती हसत घरी आली. मला मात्र हसू येईना. आपलाच कागद आपल्यापासून कुलपात ठेवायचा म्हटलं की मला अजून संताप येतो. सरकारी कचेरीत सत्तरच्या दशकातली सगळी वर्षं टायपिस्ट म्हणून काढलेल्या बाईकडे दागिने साठत नाहीत, असे किस्से साठतात. आणि ते जुने झाले तरी थंड होत नाहीत!

तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, परभणीतला तालुका होता. आमच्या कचेरीत एक टाईपरायटर, एक लाकडी कपाट आणि एक हेडक्लार्क, बापूराव. कपाटाची किल्ली बापूरावांच्या करदोट्याला. आंघोळीला जातानासुद्धा ती काढत नसावेत. कपाटात जो कागद गेला, तो गोपनीय झाला.

*

एकदा त्यांनी हाताने लिहिलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"खंदारेबाई, गोपनीय आहे. टाईप करा, पण वाचू नका."

"न वाचता टाईप कसं करू?"

"अक्षर बघायचं, बटण दाबायचं. वाक्य वाचायचं नाही!"

मी अक्षर बघितलं, बटण दाबलं. तिसऱ्या ओळीला लक्षात आलं, हा माझाच वार्षिक अहवाल! टायपिस्ट मी एकटीच, मग दुसरं कोण करणार? 'सदर कर्मचारी वरिष्ठांशी उद्दट बोलते.' दात-ओठ खाऊन मी पुढे टाईप करत राहिले. पण शेवटी राहवेना.

"साहेब, 'उद्दट' नाही. 'उद्धट'. द ला ध."

बापूराव ताडकन उठले. "म्हणजे तुम्ही वाचलंत!"

*

सुट्ट्यांची यादी आली. बापूरावांनी तिच्यावरही 'गोपनीय'चा शिक्का मारला आणि कपाटात टाकली. पुढच्याच महिन्यात एका सकाळी आम्ही सगळे कचेरीत हजर. एक कारकून सेनगावहून एसटीत उभा राहून आलेला. बाकी सगळ्या कचेऱ्यांना टाळं. शिपाई गफूरचाचा बाजारात जाऊन विचारून आले, "आज तो छुट्टी है!"

सेनगावचा कारकून भडकला. "साहेब, तुमाला ठाऊक होतं ना? मंग सांगितलं काहून न्हाई?"

"गोपनीय होतं. कसं सांगणार?"

"मंग तुमी सोता काहून आले?"

"मी आलो नसतो तर तुम्हाला कळलं नसतं का?"

*

त्याच सेनगावकडचा एक म्हातारा आला. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचा अर्ज त्याने वर्षापूर्वी दिला होता, त्याची नक्कल हवी होती. अंगठा लावणारा माणूस. बापूराव म्हणाले, "अर्ज फायलीत आहे. फाईल गोपनीय आहे."

"अर्ज माझा हाये ना, साहेब?"

"होता. आता कार्यालयाचा आहे."

तिसऱ्या खेपेला म्हातारा कचेरीच्या मधोमध उभा राहिला. डोळे मिटले आणि सगळा अर्ज पहिल्यापासून मोठ्याने म्हणायला लागला! कोणी धुरा कोरला, किती कोरला, आधी कोण मधी पडलं, सगळं! एक शब्द अडखळला नाही. बाहेरच्या रांगेतली माणसं दारात गोळा झाली.

बापूराव ओरडले, "गफूर, खिडक्या लावा! गोपनीय बाहेर चाललंय!"

मी गुपचूप मशीनमध्ये कागद घातला आणि म्हातारा बोलेल तसं टाईप करत गेले. शेवटी त्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्याने कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "बराबर हाये ना, बाई?"

बराबर होतं. त्या म्हाताऱ्याला तीन खेपांचं एसटीचं तिकीट पडलं, ते कोणी द्यायचं?

*

वरच्या साहेबांना वाटलं, एक कुलूप कमी पडतंय. त्यांनी दुसरं लावलं, त्याची किल्ली स्वतःकडे ठेवली, आणि सहा महिन्यांनी बदली होऊन किल्लीसकट निघून गेले. चार दिवस कचेरीचं काम बंद! बाहेर माणसं उन्हात बसलेली.

शेवटी बाजारातून कुलूपवाला आणला. त्याने वाकडी तार आत घातली, कान लावला, आणि बिडी विझायच्या आत दुसरं कुलूप उघडून हातात दिलं.

बापूराव पांढरे पडले. त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि मला लिहून घ्यायला सांगितलं: 'मी लिहून देतो की, सदर कार्यालयाचं कुलूप मला उघडता येत नाही.' खाली सही कर म्हणाले.

कुलूपवाल्याने ऐकलं, सही केली, आणि मला हळूच विचारलं, "बाई, मंग उघडलं कोणी?"

*

आता सुमनचं सांगते.

सुमन शिरड शहापूरची. आमच्याच समाजातली, मॅट्रिक झालेली. परभणीला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. जातीच्या दाखल्यासाठी तिने मार्कशीट आणि शाळेचा दाखला, दोन्ही मूळ कागद आमच्याकडे दिले होते. दाखला तयार झाला, सही झाली, शिक्का झाला. बापूरावांनी तिन्ही कागदांना टाचणी मारली, कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि पुतण्याच्या लग्नाला आठ दिवस गावी गेले. किल्ली अर्थातच त्यांच्यासोबत.

बुधवारी सुमन आणि तिचे वडील आले. शनिवारी परभणीला मूळ कागद दाखवायचे, नाहीतर जागा दुसरीला.

मी म्हटलं, "दाखला झालाय. पण कपाटात आहे."

तिचे वडील कपाटाकडे बघत राहिले. "बाई, ह्ये काय, चार हातावर हाये. पोरीचं साल चाललंय. काहून असं करून राहिले हे लोक?"

सुमनने नवी पिशवी आणली होती, कागद ठेवायला. ती रिकामी पिशवी तिने घडी घालून मांडीवर ठेवली. मी स्वतः अशाच एका दाखल्यासाठी दोन वर्षं खेटे घातले होते. मला तिच्याकडे बघवेना.

बापूरावांच्या गावी तार केली. उत्तर नाही. कुलूपवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मला उघडता येत न्हाई, असं लिहून दिलंय ना, बाई!" शुक्रवार उजाडला. दोघं पुन्हा आले. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तेव्हा गफूरचाचा माझ्याजवळ आले.

"बाई, कुलूप म्होरून हाये. मागून कोणी बघितलं का?"

दोघांनी मिळून कपाट भिंतीपासून ओढलं. मागे नुसत्या फळ्या, खिळ्यांनी ठोकलेल्या. चाचांनी पेचकस घालून एक फळी उचकटली. पकडले गेलो असतो तर दोघांची नोकरी गेली असती. चाचांना चार मुली होत्या. तरी मी हात आत घातला. टाचणी लागली, रक्त आलं, पण कागद हाताला लागले. फळी परत ठोकली, कपाट परत भिंतीला.

सुमनने कागद पिशवीत ठेवले आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी म्हटलं, "पाया पडू नको. आधी गाडी गाठ!"

सोमवारी बापूराव आले. कुलूप उघडलं. दोन दिवस त्यांनी कपाट उपसलं, भरलं, पुन्हा उपसलं. काय शोधतायत, ते कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी घाम पुसत माझ्या टेबलाशी आले आणि सुमनच्या नावाने पत्र सांगायला लागले: 'आपली मूळ कागदपत्रे या कार्यालयात कुलूपबंद व पूर्णपणे सुरक्षित आहेत.'

मी टाईप केलं.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. बापूरावांचा चेहरा उजळला. त्यांनी ते उभं राहून सगळ्या कचेरीला वाचून दाखवलं: "आपले पत्र वडिलांनी इकडे पाठवले. माझे कागद सुरक्षित आहेत हे वाचून फार आनंद झाला. ते असेच कुलपात सांभाळावेत, ही नम्र विनंती. आपली, सुमन. नर्सेस होस्टेल, परभणी."

गफूरचाचा घाईघाईने पाणी आणायला बाहेर गेले.

"बघा, खंदारेबाई," बापूराव म्हणाले, "याला म्हणतात विश्वास!"

मग त्यांनी ते कार्ड कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, आणि नीट लागलं का ते दोनदा ओढून पाहिलं.