गर्दी टाळून काढलेले फोटो

नातवानं मोबाइल दिला तेव्हा मी जेमतेम बासष्टची, म्हणजे अक्कल यायची होती. सुरतेचा किल्ला, जुन्या घरांची नक्षीदार दारं, सगळ्यांचे फोटो काढत फिरायचे. रस्ता रिकामा होईपर्यंत बगळ्यासारखी उभी राहायचे. बाईसाहेबांना फोटो स्वच्छ हवा ना!

किल्ल्यापाशी एक खानदेशी म्हातारा फोटो काढणाऱ्या प्रत्येकाकडे जायचा. एकदा माझ्याकडे आला.

"माय, फोटोत मागं येणारीजाणारी माणसं येतात ना? मना पोऱ्या कुठं दिखस का, देखू द्या."

त्याचा मुलगा इथे कापडाच्या लूमवर कामाला होता. दिवाळीपासून खोलीवर परतलाच नव्हता.

सदऱ्याला बोट पुसून तो एकेक फोटो सरकवू लागला. किल्ल्याकडे त्याचं लक्षच नव्हतं, फोटोच्या कडा तेवढ्या बघत होता. सगळे संपल्यावर त्यानं मोबाइल परत दिला.

"एवढी मोठी सुरत, माय, आन् तुमच्या फोटोत एक माणूस नाही?"

आणि तो पुढच्या फोटोवाल्याकडे गेला.

आता मी गर्दीचेच फोटो काढते. घरी येऊन एकेक चेहरा मोठा करून बघते. मुलगा दिसायला कसा आहे, हे मात्र या शहाणीनं म्हाताऱ्याला विचारलंच नव्हतं.