न आलेल्यांचे सर

आमच्या सांख्यिकीच्या सरांइतका दमवणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्यापायी माझ्याइतका दमलेलाही कोणी नसेल. सत्तरच्या दशकात मी एका वैद्यकीय महाविद्यालयात एम. डी. करत होतो आणि हे गृहस्थ आम्हा डॉक्टरांच्या प्रबंधांतले आकडे तपासायला नेमलेले होते. जगाला जे समोर असतं त्यात रस. सरांना जे समोर नाही त्याची काळजी. सीताबर्डीवर संत्री घ्यायला गेले की टोपलीतल्या वरच्या फळांकडे ढुंकूनही न पाहता "तळातला काढ गा" म्हणून ते ठाण मांडून बसत. संत्रेवाला त्यांना लांबून पाहूनच टोपलीवर गोणपाट टाकायचा. एका लग्नात सारे वडाभाताची तारीफ करत असताना यांनी वधूपित्यालाच विचारलं, "जे न जेवता उठून गेले, त्याईले कोणी विचारलं का?" देवळात नवस फेडणाऱ्यांची रांग दिसली की माझ्या कानाशी लागून म्हणायचे, "ज्याईले देव पावला नाही, ते इथं काहून येतील?" शेजारी माझी आई हात जोडून उभी असायची. घरी गेल्यावर बोलणी मी खायची.

माझा प्रबंध दम्यावरच्या एका नव्या गोळीवर होता. काही रोग्यांना जुनी गोळी, काहींना नवी, आणि दर महिन्याला बोलावून मी त्यांना कसं वाटतं ते विचारायचो. शेवटच्या तपासणीला आलेल्या नव्या गोळीवाल्यांपैकी बहुतेकांनी बरं वाटतं म्हणून सांगितलं. माझे मार्गदर्शक खूश झाले आणि मी तर हवेतच होतो. तेवढ्यात सरांनी विचारलं, "जे आले नाही, त्याईचं काय?"

"बरे झाले असतील, म्हणून आले नसतील," मी म्हणालो.

सर चष्मा पुसत म्हणाले, "किंवा मेले असतील, म्हणून आले नसतील."

त्यांच्या सहीशिवाय प्रबंध पुढे जात नव्हता आणि प्रबंधाशिवाय मला परीक्षेला बसता येत नव्हतं. म्हणून भर वैशाखात आम्ही दोघं एस. टी.नं न आलेल्यांना शोधत हिंडलो. सरांच्या डोक्याला दुपट्टा, खिशात उन्हासाठी कांदा, आणि चेहऱ्यावर सहलीला निघाल्याचा आनंद. खाप्याला एक विणकर सापडला, त्याला खरंच आराम पडला होता. मी सरांकडे विजयानं पाहिलं. नरखेडच्या बाजूला संत्र्याच्या बागेत भेटलेल्या माणसानं मात्र छातीत धडधडतं म्हणून गोळ्या केव्हाच विहिरीत टाकल्या होत्या. सर तर खुलले. मी वहीत त्याच्या नावापुढे फुली मारली.

शेवटी भिवापूर. तिथली एक म्हातारी पहिल्या दोन तपासण्यांना आली होती, हसून "बरं वाटते" म्हणून गेली होती, आणि मग आलीच नाही. अंगणात मिरच्या वाळत होत्या, त्यांच्या खकाण्यानं आम्ही दोघंही शिंकत होतो. तिच्या मुलानं पाणी दिलं आणि म्हणाला, "आई गेली, होळीच्या आधी. तुमच्या गोळीनं तिले काहीच फरक नोता."

"अहो, पण मला त्या बरं वाटतं म्हणाल्या होत्या."

"म्हणे ना. घरी येऊन मले सांगे, ते डॉक्टर पोरगं लय आशेनं पाहते गा, त्याले नाही कसं म्हणू?"

परतीच्या गाडीत सर म्हणाले, "डॉक्टर, मी जन्मभर न आलेल्याईचीच काळजी करत बसलो. आलेलेही खोटं बोलतात, मायेनं, हे माह्या ध्यानातच आलं नाही." जुन्या गोळीवाल्यांकडे मी आशेनं पाहत नव्हतो, म्हणजे नव्या गोळीचं सारं यश माझ्या नजरेचंच असू शकत होतं, एवढं मला त्याच गाडीत कळून चुकलं होतं.

माझी परीक्षा त्या वर्षी बुडाली. आलेल्या सगळ्यांना पुन्हा विचारायला हवं होतं, आणि मी विचारून उपयोग नव्हता. ते काम सरांनी अंगावर घेतलं. कोणाला कोणती गोळी होती, हे मुद्दाम माहीत करून न घेता ते दर रविवारी घराघरांत जाऊन बसत आणि म्हणत, "मी डॉक्टर नाही. मले वाईट वाटत नाही. खरं सांगा." लोकांनी सांगितलं. नवी गोळी जुनीपेक्षा तसूभरही सरस नव्हती. तेच मी प्रबंधात लिहिलं. सरांनी सही केली आणि पदवी मला वर्ष उशिरा मिळाली. तेव्हा मी त्यांच्यावर मनापासून वैतागलो होतो.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही माझ्या दवाखान्यात कोणी म्हातारी उठताना "बरं वाटते बापा" म्हणाली की मी हसतो, औषध तेच पुढे चालू ठेवतो, आणि ती दाराबाहेर गेली की मन खट्टू होतं. तिच्या घरी जाऊन खरं विचारून येईल असं माझं कोणी उरलेलं नाही.