सुभेदारांचं नवं घर आणि माझं स्वीडन

आता काय सांगू तुम्हाला, शिकलेल्या माणसानं किती माती खावी याला काही माप? मी पोतंभर खाल्ली, तीसुद्धा सख्ख्या बहिणीच्या सोयरिकीत!

नव्वदीतली गोष्ट. मी सांगलीला एम.ई. करत होतो. विषय काय, तर घर बांधल्यापासून पाडेपर्यंत हवेत किती कार्बन सोडतं, आणि त्यात आपलं घर बरं की स्वीडनचं! वीटभट्टी, सिमेंटचा कारखाना, ट्रकचं डिझेल, सगळा धूर मोजायचा. स्वीडनचे आकडे सरांकडे होते. आपल्याकडचं घर मोजायला मिळत नव्हतं.

तेवढ्यात सुमनचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, आष्ट्याला जमत आलं. मुलगा तिला मनापासून आवडलेला. आई, आप्पा आणि मी मुलाचं घर बघायला साताऱ्याहून निघालो. सुमन म्हणाली, "दादा, तू नुसते पोहे खा. बोलू नकोस." ऐकतोय कोण!

मुलाचे वडील रिटायर सुभेदार. नवंकोरं दुमजली घर बघून मला हेच घर मोजावंसं वाटलं.

"सुभेदार, विटा कुठल्या?"

माणूस खूश! "विटा कराडच्या. सागवान दांडेलीचं. आन् फरशी? पार राजस्थानातनं ट्रक लावून आणलीया!"

"अरेरेरे!" माझ्या तोंडून निघालंच.

"का वं पावनं? कमी पडतंय?"

"कमी कुठं, फार झालं! एवढ्या लांबून कशाला आणायची?"

त्यांना वाटलं, मी नाक मुरडतोय. गडी ईर्ष्येला पेटला. "आवो, सिमेंट तर लय ओतलंय! इंजिनिअर नको म्हनत हुता, तरी दुप्पट!"

"अरारारा! स्वीडनची माणसं बघा, जवळच्या रानातलं लाकूड आणून घर बांधतात."

"गरीब असत्याल बिचारी," मुलाच्या आई हळहळल्या.

आई मला कोपरानं ढोसत होती. पण मला कुठलं भान! आता फक्त घराचं आयुष्य कळायचं राहिलं होतं. घर जितकं जास्त टिकेल तितका वर्षाचा धूर कमी. देशाच्या अब्रूचा प्रश्न होता हो! मी विचारलं,

"मग हे घर पाडणार कधी?"

मुलाच्या आईंनी पोह्यांचा चमचा खाली आपटला.

"अगं बाई! गेल्या महिन्यात वास्तुशांत झाली, आन् ह्यो पाडायचं विचारतोय!"

मी सावरायला गेलो. "तसं नाही मावशी, कधीतरी पडणारच ना! राडारोडा कुठं टाकणार, तेवढं सांगा."

सुभेदार ताडकन उठले. "आरं, सोयरीक जोडाय आलायस का आमचं घर मोडाय?"

आप्पांनी हात जोडले, पण सोयरीक मोडायची ती मोडलीच. घरी सुमननं रडून डोळे सुजवून घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी मुलगाच अडून बसला. "लग्न करीन तर तिच्याशीच. तिच्या भावासंगं मला कुठं संसार करायचाय?" सुभेदार कुरकुरत तयार झाले.

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि मानाचा पोशाख घ्यायचा, ही आपली रीत. मी ऐटीत पुढं झालो. तेवढ्यात मागून सुभेदारांनी माझाच कान धरला आणि असा पिळला, की डोळ्यांत पाणी आलं! मांडव खदाखदा हसला. सगळ्यात मोठ्यानं सुमन.

मी कान चोळत पोशाखाला हात घातला, तर सुभेदारांनी तो काखोटीला मारला.

"रीत म्हंजे रीत, पावनं! कान आमी पिळलाय. पोशाख आमचा!"