तीन चर्च, एक मिठाचा डबा

माझी उभी हयात एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली. वाटलं होतं, रिटायर झालो की गर्दी, भांडणं आणि किस्से सगळं मागे सुटेल. पण मी चर्चच्या कामात पडलो! आता टेम्पोत भांडी चढवताना एक किस्सा घडतो आणि उतरवताना दुसरा.

राहुरीजवळच्या आमच्या गावात चर्च तीन. घंटेचं जुनं चर्च पाळकसाहेबांचं, दुसरं फादरांचं कॅथलिक, आणि तिसरा पास्टरांचा पत्र्याचा हॉल, टाळ्या अन् कीबोर्डवाला. पीक घरात आलं की तिघांचा आभाराचा रविवार वेगवेगळा. पण त्यानंतर ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत दर सोमवारी तिन्ही मंडळ्या मिळून साखर कारखान्यामागच्या तोडकऱ्यांच्या टोळीला जेवण करून वाढतात. तिथंच, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांसमोर, म्हणजे कोप्यांसमोर, चूल मांडून. देवानं आपल्याला दिलं, तर आपणही कुणाला तरी वाढावं, एवढ्यावर तिघांचं एकमत झालं. बाकी कशावरच झालं नाही, म्हणून तर मधे मला घेतला!

*

पहिल्याच सोमवारी जुन्या चर्चच्या मार्थाबाईंनी डाळीत मीठ घातलं. मग कॅथलिक बायकांनी घातलं, "त्यांच्या ध्यानात कुठलं राहायला!" म्हणून. मग हॉलवाल्यांनी घातलं, रीतसर प्रार्थना करून.

फादरांनी चमचाभर चाखली आणि डोळे मिटून म्हणाले, "मिठावर आजवर किती प्रवचनं दिली. आज पहिल्यांदा अंगाला लागलं!"

मग काय, पाणी ओता, आणखी डाळ शिजवून घाला, पुन्हा पाणी ओता. डाळ इतकी वाढली की शेजारची दुसरी टोळीही पोटभर जेवली. पास्टर हा चमत्कार म्हणून रविवारी सांगायला निघाले होते. पाळकसाहेबांनी त्यांचा हात धरला, "सांगा, पण मिठाचं तेवढं गाळा."

तेव्हापासून कायदा झाला. मिठाचा डबा फक्त मार्थाबाईंकडे. चूल पेटली की त्या डबा मांडीशी घेऊन बसतात. एकदा फादरांनी नुसता सरकवायला म्हणून उचलला, तर कडाडल्या, "ठेवा ते खाली!" फादरांनी गुपचूप ठेवला.

*

दुसरी भानगड प्रार्थनेची. वाढण्याआधी पाळकसाहेबांनी केली, फादरांनी केली, मग पास्टरांनी धरली. गावापासून सुरुवात करून ते पार देशापर्यंत पोचले. भाकरी गार झाल्या, पोरं चुळबुळायला लागली. शेवटी टोळीतली मुक्ताबाई, पाथर्डीकडची, हात जोडून म्हणाली, "साहेब, देवाला आयकू गेलंय. आता लेकरांचं बी आयका की!"

पुढच्या सोमवारी नवा नियम. डाळ चुलीवर चढली की प्रार्थना सुरू, उकळी फुटली की आमेन. पास्टरांनी मोठ्या मनानं कबूल केलं आणि डोळे मिटले. इकडे कॅथलिक मंडळींनी गपचिप चुलीत आणखी दोन लाकडं सारली!

पास्टरांनी जिल्हासुद्धा ओलांडला नव्हता, तेवढ्यात डाळ उतू गेली. डोळे उघडून म्हणाले, "आज उत्तर फार लवकर आलं!"

*

एकमेकांना भेटल्यावर काय म्हणायचं, तेही तिघांचं वेगळं. जुने "सलाम" म्हणतात, कॅथलिक "जय येशू" आणि हॉलवाले "प्रेज द लॉर्ड". कोप्यांवरच्या पोरांनी हे दोन सोमवारांत हेरलं. आता लाडवाच्या डब्यापुढं येऊन एका दमात म्हणतात, "सलाम, जय येशू, प्रेज द लॉर्ड!" आणि तीन लाडू मागतात.

पाळकसाहेब म्हणाले, "आपल्याला पिढ्यान् पिढ्या जमलं नाही, ते यांनी लाडवासाठी जमवलं!" आणि दिले तीन.

*

आता जरा हसणं बाजूला ठेवून सांगतो. मार्थाबाई आणि हॉलमधल्या सुशीलाबाई सख्ख्या बहिणी. त्यांचे वडील पूर्वी जुन्या चर्चचे पाळक होते. दोघींचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सुशीलाबाई हॉलमध्ये जायला लागल्या आणि कालव्यात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. "आबांच्या हातचं पानी हिला पुरलं न्हाई!" मार्थाबाई एवढंच बोलल्या, आणि तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं बंद.

दोघी स्वयंपाकात तरबेज, त्यामुळे सोमवारी एकाच चुलीपाशी. मधे मी.

"कंडक्टर, त्यांना सांगा, कांदा बारीक चिरा."

मी मान वळवून, "सुशीलाबाई, कांदा बारीक."

"त्यान्ला म्हनावं, डोळे हायेत मला."

मी मान परत वळवून, "हो म्हणतात."

एकदा मी दोघींना वेगवेगळं गाठून विचारलं. मार्थाबाई म्हणाल्या, "तिनं आधी बोलावं. धाकटी हाय." सुशीलाबाई म्हणाल्या, "आक्कानं आधी बोलावं. मोठी हाय." वय झालं होतं दोघींचं. या अशाच जातात की काय, या विचारानं मला कसंतरीच व्हायचं.

*

गेल्या हंगामातला शेवटचा सोमवार. मुक्ताबाईनं आधीच बजावलं होतं, "आज भाकरी आमी करनार, डाळ तुमची. अन् पंगतीला समदे संगंच बसायचं." तिन्ही चर्च आणि अख्खी टोळी! त्या रांगा लावताना ओरडून ओरडून माझा घसा पार बसला.

मार्थाबाई चुलीकडं पाठ करून पत्रावळ्या मांडत होत्या. पाण्याची बादली घेऊन येणाऱ्या सुशीलाबाईंना लांबूनच वास आला. मला म्हणाल्या, "त्यान्ला सांगा, डाळ लागतीय!"

मी तोंड उघडलं. नुसती हवा.

"अहो, सांगा की!"

मी हातवारे केले, पण मार्थाबाईंची पाठच. आणि मग सुशीलाबाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "आक्के! डाळ लागली!"

मार्थाबाई धावत आल्या आणि जळतं लाकूड हातानंच बाहेर ओढलं. तळवा चांगलाच भाजला. सुशीलाबाईंनी तो हात धरला, शेजारच्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि तसाच धरून बसल्या. मार्थाबाईंनी हात काढून घेतला नाही.

आम्ही वरची डाळ दुसऱ्या पातेल्यात काढली. वाचली! फक्त मीठ राहिलं होतं आणि पंगत तर बसलेली. मी डबा उचलला.

"ठेवा ते खाली!" मार्थाबाई म्हणाल्या. मग डाव्या हातानं त्यांनी डबा पुढं सरकवला. "सुशे, तू घाल."

सुशीलाबाईंनी डबा उघडला, पण नजर आक्काच्या हाताकडंच. एक मूठ पडली, मग दुसरी, मग तिसरी. कुणीही अडवलं नाही.

डाळ खारटढोण झाली होती. पाळकसाहेबांनी दोनदा घेतली. फादरांनी दोनदा, पास्टरांनी दोनदा. मी तीनदा. मार्थाबाईंचा उजवा हात पंगत उठेपर्यंत बादलीतच होता, पण चौथ्यांदाही त्यांचाच आवाज आला, "सुशे, आनखी घे वाढून. अन् घास जरा मोठा दे!"